सांजाव: विहिरीतली उडी नेमकी कुणाची?

लेखक: पाणकोंबडा

लग्नानंतरचा पहिलाच जून. सासूबाईंचा, म्हणजे मांयचा, फोन आला: "चोवीस तारखेक येवंकच जाय हां." मी कुडाळचा, बायकोचं माहेर बार्देशात, शापोरा नदीच्या पलीकडे. दिवाळसण ठाऊक होता, अधिक महिन्यातलं धोंड्याचं वाण ठाऊक होतं. ख्रिस्ती घरातही जावयाचा असा एक सण असतो हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. पाऊस मी म्हणत होता. अंगणात पाय टाकला न टाकला तोच मेव्हण्याने डोक्यावर पानाफुलांचा मुकुट चढवला. त्याला कोपेल म्हणतात. मागून कुणीतरी ओरडलं, "व्हिवा सांजाव!" पुढच्या पाच मिनिटांत मी चष्म्यासकट विहिरीत होतो. चष्मा अजून तिथेच आहे.

तेव्हापासून दर जूनमध्ये आमच्या शाळेच्या ग्रुपवर कुणी ना कुणी तेच लिहितो: "गोव्यात दारू पिऊन विहिरीत उड्या मारायचा सण आला रे." मी गेली काही वर्षं जमेल तसं वाचत गेलो, ते इथे मांडतो. चुका असतील तर सांगा.

सांजाव म्हणजे सांव जुआंव, पोर्तुगीजांचा संत योहान. (आमच्या आईला बरेच दिवस वाटत होतं की सांजवेळेशी याचा काहीतरी संबंध असेल.) हा येशूचा शिष्य योहान नव्हे, तर येशूच्या आधी यार्देन नदीत लोकांना बाप्तिस्मा देणारा योहान. २४ जून हा त्याचा जन्मदिवस.

गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात येते. जखऱ्या नावाचा म्हातारा याजक, त्याची बायको अलीशिबा, दोघांना मूलबाळ नाही. मंदिरात धूप जाळताना देवदूत येऊन सांगतो, मुलगा होईल. म्हाताऱ्याचा विश्वास बसत नाही आणि त्याची वाचा जाते. सहा महिन्यांनी तोच देवदूत मरीयेकडे येतो. मरीया डोंगराळ भागात राहणाऱ्या आपल्या या नातलग बाईला भेटायला जाते. तिचा आवाज कानी पडताच अलीशिबेच्या पोटातलं बाळ उडी मारतं. मराठी बायबलातही शब्द हाच आहे: उडी.

गोव्यात कुणालाही विचारा, विहिरीतली उडी म्हणजे ही पोटातली उडी. विहीर म्हणजे गर्भ, पाणी म्हणजे बाप्तिस्मा. चर्चमधल्या प्रवचनातही हेच ऐकलं. ऐकायला फार सुंदर आहे. माझी शंका एवढीच की उडी आधी आली आणि अर्थ नंतर आला असावा.

कारण सांगतो. हिप्पोचा बिशप संत ऑगस्टीन, इ.स. ३५४ ते ४३०, आजच्या अल्जीरियातल्या अन्नाबा शहराचा. त्याच्या एका प्रवचनात तो आपल्याच लोकांवर वैतागलेला दिसतो: योहानच्या जन्मदिवशी ख्रिस्ती लोक समुद्रावर जातात आणि पाण्यात बुड्या मारून घेतात, ही जुन्या मूर्तिपूजकांची खोड आहे, सोडा ती. पोर्तुगीज गोव्यात आले १५१० मध्ये. म्हणजे त्याच्या हजारेक वर्षं आधी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर २४ जूनला माणसं पाण्यात उतरत होती आणि धर्मगुरू त्यांना रागावत होता.

दुसरा साक्षीदार इटलीचा कवी पेत्रार्क. १३३३ साली तो जर्मनीत कोलोनला होता. योहानच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी ऱ्हाइन नदीच्या काठावर बायकांची ही गर्दी! अंगावर सुवासिक वनस्पती बांधलेल्या, बाह्या कोपराच्या वर सारलेल्या, नदीत हात धुताहेत आणि तोंडाने काहीतरी पुटपुटताहेत. त्याने विचारलं तेव्हा कळलं, आज हात धुतले की वर्षभराची पीडा पाण्याबरोबर वाहून जाते. हे वाचून मला थेट आपल्याकडच्या पर्वणीच्या स्नानाची आठवण झाली.

तेव्हा माझं म्हणणं असं: पाणी या सणात गोव्याने घातलेलं नाही आणि दारूनेही घातलेलं नाही. गोव्याने समुद्राच्या जागी विहीर आणली आणि तिथे जावयाला उभं केलं. युरोपात या रात्री मोठमोठ्या होळ्याही पेटवतात. आपल्याकडे आर्द्राच्या पावसात होळी कुठून पेटायची? आग मागे पडली, पाणी वर आलं. हा शेवटचा तर्क माझा, त्याला पुरावा नाही.

…………

ठाण्याची_ठमी:
मस्त लेख! चष्म्याबद्दल सहानुभूती. तलावपाळीवरून आयुष्यभर येजा केली, तिथल्या चर्चचा संत हाच बाप्तिस्टा योहान हे बोर्डावर वाचूनही कधी डोक्यात शिरलं नव्हतं. तळ्याकाठी बाप्तिस्मा देणारा संत, आता लिंक लागली. कोपेल कशाची करतात ते लिहा ना.

…………

शंकासुर:
एवढं लांबण कशाला? २१ जूनला सगळ्यात मोठा दिवस. लोक आधीपासून नाचत होते, चर्चने त्यावर संताचं नाव चिकटवलं. नाताळचंही तेच. विषय संपला.

…………

पाणकोंबडा:
@ठमी, पावसाळ्यात परसात जे उगवतं त्याची. नेचे, वेली, रानफुलं, क्रोटनची पानं, जे हाताला लागेल ते. मेव्हणा म्हणतो, फुलं विकत आणली तर ती कोपेल नव्हे, सत्काराचा हार.

@शंकासुर, इतकं सोपं असतं तर मीही तीन ओळींत आटोपलं असतं. तारीख कशी आली बघा. देवदूत मरीयेकडे आला तेव्हा अलीशिबेला सहावा महिना होता असं लूक लिहितो. म्हणजे योहान येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा. येशूचा जन्म २५ डिसेंबरला धरला की योहानचा जूनच्या शेवटी येणारच. त्यासाठी कुणाचा सण चोरायची गरज नाही, बोटं मोजता आली की पुरे.

गंमत पुढे आहे. २५ डिसेंबरच्या सहा महिने आधी २५ जून यायला हवा. मग २४ का? कारण रोमन लोक तारीख पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून उलटी मोजत आणि ती एक तारीखही मोजणीत धरत. जानेवारीच्या एक तारखेआधीचा आठवा दिवस म्हणजे २५ डिसेंबर. जुलैच्या एक तारखेआधीचा आठवा दिवस म्हणजे २४ जून, कारण डिसेंबर ३१ दिवसांचा आणि जून ३० चा. त्यांच्या लेखी दोन्ही 'आठवा'च होते. बसा आता बोटं मोजत.

तुमचा मुद्दा अगदी फेकून देत नाही. सीझरच्या पंचांगात उन्हाळ्यातला मोठा दिवस परंपरेने २४ जूनलाच धरत, रोमन लेखक प्लिनीने तसं लिहिलंय. त्यामुळे चोरी नाही म्हटलं तरी शेजार होताच. आणि ऑगस्टीनने त्या शेजाराचा काय उपयोग केलाय! योहान येशूबद्दल म्हणतो: "त्याची वृद्धी व्हावी व माझा ऱ्हास व्हावा." ऑगस्टीन म्हणतो, बघा, योहान जन्मतो आणि दिवस लहान होऊ लागतात, ख्रिस्त जन्मतो आणि दिवस वाढू लागतात.

…………

शंकासुर:
दक्षिण गोलार्धात जूननंतर दिवस वाढतात. ब्राझीलमध्ये योहानची वृद्धी होते वाटतं? :)

…………

पाणकोंबडा:
होते खरी! ब्राझीलमध्ये सांव जुआंव ऐन हिवाळ्यात येतो, शेकोट्या पेटवून, मक्याचे पदार्थ खात, जोडीजोडीने नाचत साजरा करतात. ऑगस्टीनला ब्राझील माहीत नव्हता, त्याला माफ करा.

…………

सूरपेटी:
या सणाने जगाला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट धाग्यात अजून आली नाही, म्हणून लॉगिन केलं.

डो रे मी फा सो ला हे स्वर कुठून आले? योहानच्या सणाला म्हणायच्या एका लॅटिन स्तोत्रातून. ते आठव्या शतकातल्या पॉल द डीकन याचं मानतात. त्याची सुरुवात अशी:

उत् क्वेआंत लाक्सिस / रेसोनारे फिब्रिस / मीरा जेस्तोरुम / फामुली तुओरुम / सोल्वे पोल्लूती / लाबीई रेआतुम / सांक्ते योआनेस

अकराव्या शतकात ग्वीदो दारेत्सो या इटालियन मठवासी गुरूच्या लक्षात आलं की यातलं प्रत्येक अर्धचरण आधीच्यापेक्षा एक स्वर वर सुरू होतं. त्याने पहिली अक्षरं उचलली: उत्, रे, मी, फा, सोल, ला. पोरांना गाणं पाठ, म्हणजे स्वर पाठ. पुढे 'उत्' गायला अवघड म्हणून त्याचा 'डो' झाला, आणि सातवा 'सी' शेवटच्या सांक्ते योआनेसच्या आद्याक्षरांचा. आपलं सारेगमही षड्ज, ऋषभ, गांधार यांच्या पहिल्या अक्षरांवरूनच आलं. युक्ती दोन्हीकडे एकच.

आणि अर्थ बघा. स्तोत्र म्हणतं, हे संत योहान, तुझ्या सेवकांना तुझी अद्भुत कर्मं मोकळ्या गळ्याने गाता यावीत म्हणून आमच्या मळलेल्या ओठांवरचा दोष काढून टाक. म्हणजे गळा मोकळा करण्याची प्रार्थना. का? कारण जखऱ्याची वाचा गेली होती. बाळाचं नाव काय ठेवायचं म्हणून विचारल्यावर त्याने पाटीवर 'याचं नाव योहान' लिहिलं आणि त्याच क्षणी तो बोलू लागला. गळा बसलेल्या गायकांनी याच संताला साकडं घालायचं अशी जुनी समजूत आहे. मी धर्माने कुणीही असो, मैफलीच्या आदल्या रात्री मी सगळ्यांनाच घालतो.

…………

ठाण्याची_ठमी:
बापरे. पेटीच्या क्लासला हे कुणी का नाही सांगितलं!

…………

बावखल:
मी वसईचा, घरात मराठी, चर्चमध्येही मराठी. लेख आवडला, दोन गोष्टी जोडतो, एक खटकली.

जोडायची अशी: आमच्या पंचांगात संतांचे सण बहुतेक त्यांच्या मृत्यूच्या दिवशी येतात, कारण तो त्यांचा स्वर्गातला जन्म. पृथ्वीवरच्या जन्माचे सण तीनच: येशूचा २५ डिसेंबरला, मरीयेचा ८ सप्टेंबरला आणि योहानचा. त्यातही मरीयेचा बराच नंतर आला. ऑगस्टीनच्या काळी फक्त दोघांचे होते. योहानला हा मान का, तर त्या उडीमुळे. तो आईच्या उदरातच पवित्र आत्म्याने भरला असं चर्च मानतं. म्हणजे उडीचा अर्थ कुणी विहिरीवर बसून नंतर जुळवलेला नाही, हा सण मुळात आहे म्हणूनच. तुमचा 'उडी आधी, अर्थ नंतर' हा मुद्दा विहिरीपुरता खरा असेल, सणाला लागू होत नाही. खटकलं ते हेच.

त्याच्या मृत्यूचाही दिवस आहे, २९ ऑगस्ट. हेरोदाने शिरच्छेद केला. ती गोष्ट फक्त बायबलात नाही, योहानला माखेरुसच्या किल्ल्यात मारल्याचं यहुदी इतिहासकार योसेफसनेही लिहिलंय. पण २९ ऑगस्टला कुणी उड्या मारत नाही.

दुसरी जोड: सणाचा दर्जा इतका मोठा की २४ जून रविवारी आला तर रविवारची नेहमीची उपासना बाजूला ठेवून योहानची मिस्सा होते. येशूच्या पवित्र हृदयाच्या सणापुढे मात्र तोही सरकतो. २०२२ मध्ये दोन्ही एका दिवशी आले, तेव्हा योहानला २३ तारीख दिली होती.

आमच्या गावात विहिरीत उडी मारायची रीत मी पाहिली नाही. बावखलात, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या तळ्यात, पोहायचो, पण ते कुठल्याही रविवारी, आणि आईचा मार खाऊन.

…………

पाणकोंबडा:
@बावखल, मान्य. 'उडी आधी' ऐवजी 'पाणी आधी' लिहायला हवं होतं. पोटातली उडी सणाच्या गाभ्यात आहे, पाण्यातली बुडी लोकांच्या हौसेत. दोघींची गाठ कधी पडली तेवढाच माझा प्रश्न.

…………

रीगाचा_विद्यार्थी:
मी शिकायला लात्वियात आहे. इथे २३ आणि २४ जून दोन्ही दिवस सार्वजनिक सुट्टी. सणाचं नाव यानी, म्हणजे आपला योहानच. पुरुष ओकच्या पानांचे मुकुट घालतात, बायका फुलांचे, रात्रभर शेकोटी, आणि शहाजिरं घातलेलं चीज. पहिल्या वर्षी मुकुट घातलेली बस भरून माणसं बघून वाटलं शहरात नाटक आहे. कोपेलचा फोटो टाका, इथल्यांना दाखवतो.

…………

माँट्रियलकर:
क्यूबेकमध्ये हा दिवस आता संतापेक्षा झेंड्याचा जास्त आहे. १८३४ साली माँट्रियलला एका पत्रकाराने, ल्युदजे द्युव्हर्नेने, २४ जूनला मेजवानी दिली आणि फ्रेंच भाषिकांनी तो आपला दिवस करून टाकला. १९७७ पासून तो अधिकृत राष्ट्रीय सण. बाप्तिस्मा वगैरे कुणाच्या डोक्यात नसतो, निळे झेंडे आणि गाणी.

पाण्याचं म्हणाल तर माझी एक सहकारी पोर्तो रिकोची. तिथे राजधानीचं नावच सान हुआन. २३ च्या मध्यरात्री लोक समुद्रात पाठमोरे पडतात, ठरावीक वेळा, वाईट नशीब धुऊन जावं म्हणून. तुमच्या पेत्रार्कच्या बायकांची धाकटी बहीण शोभेल.

…………

भाटकार:
गोवेकर हजर. लेखकाने शिवोलीच्या सांगोडाबद्दल एक अक्षर लिहू नये याचा निषेध. नदीच्या पलीकडे सासुरवाड आणि हे माहीत नाही?

दोन होड्या एकमेकींना जोडून वर मंच बांधतात, तो सांगोड. शापोरा, हणजूण, आसगावकडची माणसं सजवलेल्या होड्यांतून शिवोलीला येतात, परेरा वाड्यावर सांजावचं कपेल (छोटं चर्च) आहे तिथे. दीडशे वर्षांवर जुनी रीत. आता स्पर्धा, बक्षिसं, पाहुणे सगळं आलंय, पण होड्या बघायला अजूनही मजा येते. २९ तारखेला सांपेद्रूला, म्हणजे संत पेत्राच्या दिवशी, पुन्हा सांगोड, तो मच्छिमारांचा.

वाद्यं: घुमट (मातीच्या मडक्याला कातडं ताणून केलेलं) आणि कांसाळें (झांजा). घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं असे, आता कायद्याने बंदी, बकऱ्याचं लावतात. जुनी माणसं आवाज बदलला म्हणून कुरकुरतात. घोरपडी काही कुरकुरत नसतील.

आणि दारूबद्दल स्पष्टच बोलतो. पूर्वी वाड्यावरची पोरं घरोघर जात, प्रत्येक विहिरीत उडी, घरवाल्यांनी फणस, अननस, एखादी फेणीची बाटली विहिरीत टाकायची, ती तळातून काढायची. विहीर कुणाची, किती खोल, दगड कुठे, हे प्रत्येकाला पाठ. आज तिकीट लावून पूल पार्ट्या होतात, कोपेल प्लास्टिकची, आणि शहरातून आलेला प्यायलेला पाहुणा अनोळखी विहिरीत उडी घेतो. बुडून माणसं गेली आहेत. ज्याला पोहता येत नाही त्याने काठावर बसून पातोळ्या खाव्यात. संत रागावणार नाही.

…………

पाणकोंबडा:
निषेध शिरसावंद्य. सांगोड दोनदा बघितला, दोन्ही वेळा चष्म्याविना. म्हणून लिहिलं नाही.

…………

गारवेल:
अवांतर: पातोळ्या म्हणजे हळदीच्या पानातल्या ना? तांदळाचं पीठ, आत गूळखोबरं? आमच्याकडे, वेंगुर्ल्याला, नागपंचमीला करतात.

…………

भाटकार:
त्याच. आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे सांजावला आणि पुन्हा १५ ऑगस्टला मरीयेच्या सणाला. जूनमध्ये हळदीचं पान लहान असतं, पातोळी बोटभर होते. ऑगस्टमध्ये तळहाताएवढी.

…………

शंकासुर:
बरं, माघार. पूर्ण नाही, अर्धी. तारीख बोटांवर मोजून आली हे पटलं, पण पेत्रार्कच्या बायका योहानसाठी हात धूत नव्हत्या हे तुम्हीही मान्य करा.

जाता जाता माझ्याकडून एक भर. दमास्कसच्या उमय्यद मशिदीत एक कबर आहे, योहानचं शिर तिथे पुरलंय असं मानतात. मुसलमानांचा तो पैगंबर यह्या, कुराणात जखऱ्याची गोष्टही आहे. २००१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे त्या मशिदीत गेले होते. म्हणजे जन्म ख्रिस्त्यांकडे, शिर मशिदीत, उडी बार्देशात.

…………

बावखल:
मुंबईकरांसाठी: अंधेरीच्या सीप्झच्या आवारात याच संताच्या चर्चचे अवशेष आहेत, जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधलेलं. भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही, आजूबाजूला दागिन्यांचे कारखाने आणि आयटीची ऑफिसं. तिथे नोकरी करणाऱ्या कितीतरी जणांना ते माहीत नसतं.

…………

सीप्झचा_शिपाई:
मला माहीत आहे. अकरा वर्षं त्याच्या बाजूने जातो. आत झाडं वाढली आहेत, पावसात छान दिसतं. कुठल्या संताचं ते आज कळलं.

…………

ठाण्याची_ठमी:
काल ऑफिसातून येताना तलावपाळीच्या चर्चमध्ये आत गेले, पहिल्यांदाच. एक आजी बाकावर बसल्या होत्या. मी धीर करून विचारलं, इथे विहिरीत उड्या मारतात का हो? त्या म्हणाल्या, "बाळा, समोर एवढं तळं आहे, विहीर कशाला?" मग हसल्या आणि म्हणाल्या, पण मारू नको, आत गाळ आहे.

पाणकोंबडा, यंदा चष्मा घरी ठेवून जा.